पात्र दुसऱ्याचं, पटकथा आपली : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पटकथेच्या फॉरमॅटवर लिहिलं आणि त्यानंतर जे मेल आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच विषयावरचे होते. आवडत्या सिनेमाचा पुढचा भाग लिहून ठेवलाय, आवडत्या सिरीजचा एपिसोड लिहून ठेवलाय, आता पुढे काय करायचं? म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देतेय. कुणी सांगितलेलं नसताना, पैसे ठरलेले नसताना आपणहून लिहिलेल्या स्क्रिप्टला स्पेक म्हणतात, आणि दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहिलेला स्पेक हा त्यातला सगळ्यात नाजूक प्रकार आहे. नावं कुणाचीच छापत नाहीये, फक्त गाव.

कोल्हापूर : ताई, मी हॉलिवूडच्या एका सुपरहिरोचा चौथा भाग लिहिलाय. ११८ पानं झाली, दीड वर्ष गेलं, इंग्रजीसुद्धा एका सरांकडून तपासून घेतलं. पण स्टुडिओच्या साइटवर लिहिलंय की न मागवलेलं काही स्वीकारत नाही. तरी पाठवलं तर कुणी वाचेल का? आणि वाचून आयडिया ढापली तर?

नाही वाचणार. तुमचं लिखाण वाईट असेल म्हणून नाही, तर वाचणं त्यांना परवडत नाही म्हणून. उद्या त्यांच्या चौथ्या भागात तुमच्यासारखाच एखादा प्रसंग आला तर तुम्ही कोर्टात जाल ही भीती असते, त्यामुळे असं पाकीट न उघडता परत पाठवायचं असं तिथे ठरलेलंच असतं.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि त्यावर एक खरी केस आहे. १९८२ साली टिमोथी अँडरसन नावाच्या लेखकाने 'रॉकी ३' पाहिला आणि चौथ्या भागाची ३१ पानांची ट्रीटमेंट, म्हणजे संवाद न घालता सविस्तर मांडलेली गोष्ट, लिहिली. ती स्टुडिओतल्या लोकांपर्यंत पोचली, बोलणीही झाली. १९८५ ला 'रॉकी ४' आला तेव्हा त्याला वाटलं की ही तर माझी गोष्ट, आणि त्याने सिल्व्हेस्टर स्टॅलोनवर केस टाकली. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टाने काय सांगितलं ते नीट वाचा. रॉकी, एड्रियन, अपोलो क्रीड ही पात्रं इतकी ठळक उभी आहेत की त्यांना स्वतंत्र संरक्षण आहे, ती परवानगी न घेता वापरून अँडरसनने जे लिहिलं त्यावर त्याला कॉपीराइटच मिळत नाही. म्हणजे चोरी झाली की नाही हा प्रश्न पुढचाच राहिला, त्याच्या स्वतःच्या ३१ पानांवर आधी त्याचाच हक्क नव्हता. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रूपांतराचा हक्क मूळ मालकाचाच आहे.

हे वाचून दीड वर्ष पाण्यात गेलं असं तुम्हाला वाटेल, आणि ते वाटणं किती जड असतं ते मला माहितीये. पण पाण्यात गेलेलं नाहीये. ११८ पानं पूर्ण करणारी माणसं फार कमी असतात. आता एक करा, ती फाइल उघडा, हिरोचं नाव, त्याची पॉवर, त्याचं शहर, त्याचा व्हिलन हे सगळं काढून टाका आणि काय शिल्लक राहतं ते बघा. तुम्ही मेलमध्ये कथा दोन ओळींत सांगितली होती, त्यात हिरोचा भाऊ डायलिसिसवर आहे आणि त्याच्यासाठी हिरो रोज रात्री आठच्या आत घरी येतो, जग बुडत असलं तरी. हा भाऊ कुठल्याच कॉमिकमध्ये नाहीये ना? मग तो तुमचा आहे. ती आठची वेळ तुमची आहे. तिथून नवी गोष्ट सुरू करा, ती कोल्हापुरात घडली तरी चालेल.

जॉर्ज लुकासला आधी 'फ्लॅश गॉर्डन' या जुन्या कॉमिकवर सिनेमा करायचा होता, हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने स्वतःचं विश्व लिहायला घेतलं आणि १९७७ साली 'स्टार वॉर्स' आला. हक्क नाकारले गेले नसते तर लोकांनी एक चांगला 'फ्लॅश गॉर्डन' पाहिला असता, बास.

पुणे : मी सेकंड इयरला आहे. एका मालिकेच्या रायटिंग टीममध्ये असिस्टंट म्हणून घेतील असं कळलंय पण त्यांनी सॅम्पल मागितलंय. चालू शोचा एपिसोड लिहिला तर चालेल का? कुठला घेऊ, कसा लिहू? (सोबत एक सीन पाठवलाय.)

चालेल, आणि मला हा प्रकार मनापासून आवडतो, कारण मालिकेत नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांना दुसऱ्याच्या घरात बोलतं करणं हीच असते. अमेरिकेत तर कित्येक वर्षं टीव्हीच्या लेखकांची भरती अशाच स्पेक एपिसोडवर व्हायची. आता तिथे ओरिजिनल पायलटही, म्हणजे स्वतःच्या नव्या मालिकेचा पहिला एपिसोडही, मागतात, म्हणून तू दोन्ही तयार ठेव.

फक्त एक पक्कं लक्षात ठेव की हा एपिसोड विकायला नाही, दाखवायला आहे. ज्या शोचा लिहिलास त्याच शोला शक्यतो पाठवू नकोस. एक तर कायद्याच्या भीतीने ते वाचत नाहीत आणि दुसरं म्हणजे त्या पात्रांबरोबर ते रोज दहा तास काढतात, तुझी बारीकशी चूकसुद्धा त्यांना खटकणार. त्याच जातकुळीच्या दुसऱ्या शोला पाठव.

याला एक मोठा अपवाद होऊन गेला आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळयानावरच्या अमेरिकन मालिकेच्या तिसऱ्या सीझनला, १९८९ साली, मायकल पिलर रायटिंगचा प्रमुख झाला आणि त्याने बाहेरच्या लोकांच्या स्क्रिप्ट घ्यायला सुरुवात केली. रिलीज फॉर्मवर, म्हणजे नंतर दावा करणार नाही अशा कागदावर, सही करायची आणि पाठवायची. त्याच्या थोडं आधीच रोनाल्ड मूर नावाचा एक तरुण सेट बघायला गेला होता, जाताना स्वतःचा स्पेक घेऊन गेला आणि तिथल्या एकाच्या हातात ठेवून आला. काही महिन्यांनी तो गठ्ठ्यातून पिलरच्या हाती लागला, विकत घेतला गेला आणि 'द बाँडिंग' नावाने १९८९ मध्येच प्रसारित झाला. मूर पुढे तिथेच लेखक म्हणून राहिला आणि नंतर 'बॅटलस्टार गॅलेक्टिका' त्याने नव्याने उभी केली.

पण मला त्या एपिसोडची रचना दाखवायचीये. यानावरची एक ऑफिसर मोहिमेवर मरते, तिचा बारा वर्षांचा मुलगा यानावर एकटा उरतो. मोहिमेचा प्रमुख असतो वॉर्फ, जो स्वतः लहानपणी अनाथ झालेला आहे. बघ, बाहेरून आलेल्या लेखकाने नवा हिरो नाही आणला, कुणाचं लग्न नाही लावलं, नेहमीच्या मंडळींपैकी कुणाला मारलं नाही. जे पात्र आधीपासून होतं, त्याची जी जखम आधीपासून माहीत होती, तिच्यावर बोट ठेवलं. आणि एपिसोड संपल्यावर यान दुसऱ्या दिवशी पुढच्या प्रवासाला निघू शकतं, मालिकेचं काही मोडलेलं नाही. स्पेक एपिसोडमध्ये हेच करायचं असतं.

कुठला शो घ्यायचा? डेली सोप घेऊ नकोस. तिथे ट्रॅक पंधरा दिवसांत बदलतो, तू लिहून प्रिंट काढेपर्यंत तुझी नायिका माहेरी गेलेली असेल. ज्याचा प्रत्येक एपिसोड स्वतःपुरता पूर्ण असतो असं काहीतरी घे, तपासकथा, ऑफिसातली कॉमेडी, हॉस्पिटल. मग त्याचे सहा एपिसोड वही घेऊन बघ. गोष्टीसाठी नाही, मोजण्यासाठी. किती सीन, सगळ्यात लांब सीन किती मिनिटांचा, ब्रेकच्या आधी काय येतं, दुसरा ट्रॅक कितव्या मिनिटाला सुरू होतो, आणि माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, भांडणात आधी गप्प कोण होतं. ढोबळ हिशोब एक पान एक मिनिट असा धरायचा, म्हणजे बावीस मिनिटांच्या शोला तू पन्नास पानं लिहिलीस तर पहिल्या नजरेतच कळतं की शो नीट पाहिलेला नाही.

आता तुझा सीन. आजी आणि नातू, रात्री जेवायच्या टेबलावर. तू आजीला म्हणायला लावलंयस, "बाळा, माझं चुकलं. मी तुला समजून घ्यायला हवं होतं." वाक्य चांगलं आहे, पण या आजीचं नाहीये. तो शो मीही बघते, या बाईने आजवर एकदाही चूक कबूल केलेली नाही, तिचा सगळा दरारा त्याच्यावरच उभा आहे. मग ती माफी कशी मागेल? असं करून बघ, नातू मान खाली घालून जेवतोय, आजी त्याच्या पोळीवर न विचारता तुपाचा दुसरा चमचा घालते. तो वर बघतो. ती म्हणते, "बघतोयस काय, जेव. उद्या नाही मिळणार." आणि डबा उचलून आत जाते. संपला सीन. माफी मागून झाली, आणि ज्याने शो पाहिलाय त्याच्या घशाशी आवंढा येणार. आमच्या टीमसाठी मागे मी चाळीसेक सॅम्पल वाचली होती, त्यातली पंचवीस तरी अशीच होती की नावं झाकली तर कोण बोलतंय ते कळत नव्हतं. नावं झाकून वाचायची ही टेस्ट तू स्वतःच करत जा, पाठवायच्या आधी.

नाशिक : मी दुसऱ्याच्या पात्रावरची स्क्रिप्ट असोसिएशनमध्ये रजिस्टर केली तर ती माझी होते का?

नाही होत. अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, रजिस्ट्रेशन ऑनलाइन होतं, जरूर करा. पण त्यातून फक्त एवढंच सिद्ध होतं की अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता. पात्र ज्याचं त्याचंच राहतं. स्वतःच्या ओरिजिनल कथेला मात्र नॅरेशनला, म्हणजे प्रोड्युसरला गोष्ट ऐकवायला, जायच्या आधी रजिस्टर केल्याशिवाय घराबाहेर काढू नका.

न्यू जर्सी : आम्ही पाच मराठी मित्र, सगळे स्टार ट्रेकचे वेडे. मराठीत एक छोटी फॅन फिल्म करायचा विचार आहे, वर्गणी काढून. विकायची नाहीये. मग तर प्रॉब्लेम नाही ना?

विकायची नाही म्हणजे सगळं माफ, असं नसतं. 'अ‍ॅक्सनार' नावाची एक फॅन फिल्म लोकांकडून दहा लाख डॉलरच्या वर जमा करून बसली होती, प्रोफेशनल सेट, प्रोफेशनल नट. २०१५ च्या शेवटी स्टार ट्रेकचे हक्क असलेल्या पॅरामाउंट आणि सीबीएसने केस टाकली आणि २०१७ च्या सुरुवातीला ती तडजोडीने मिटली. मध्ये, जून २०१६ मध्ये, त्यांनी फॅन फिल्मसाठी नियम जाहीर केले, तुम्ही आधी ते वाचा. ठळक सांगते, एक गोष्ट १५ मिनिटांत संपवायची, फार तर दोन भाग मिळून ३० मिनिटं. नावात 'स्टार ट्रेक' हे शब्द घ्यायचे नाहीत, फक्त खाली ही फॅन प्रॉडक्शन आहे अशी ओळ घालायची. वर्गणी ५०,००० डॉलरच्या आत. काम करणारे सगळे हौशी, कुणाला मानधन नाही. गोष्ट स्वतःची हवी, मालिकेतल्या एपिसोडची नक्कल नको.

१५ मिनिटांची अट जाचक वाटेल पण मला ती लिहिणाऱ्याच्या फायद्याची वाटते, युद्ध दाखवायला वेळच नाही त्यामुळे दोन माणसं एका खोलीत बसवावी लागतात. मराठीत लिहिताय म्हणून एक विनंती, यानावरच्या लोकांना पुस्तकी मराठी बोलायला लावू नका. तुम्ही पाच जण शनिवारी भेटल्यावर ऑफिसातल्या भानगडींवर जसं बोलता, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी, तसंच ते इंजिनात बिघाड झाल्यावर बोलतील.

ठाणे : मी एका मालिकेचे अडीच वर्षं एपिसोड लिहिले. त्यातली एक साइड कॅरेक्टर, मावशी, पूर्ण मी घडवलेली, बाइबलमध्ये (मालिकेची पात्रं आणि कथा आधी ठरवून लिहिलेल्या कागदात) ती नव्हतीच. मालिका बंद झाली. आता तिच्यावर वेबसिरीज लिहायचीये. ती माझी नाही का?

हा प्रश्न वाचून पोटात तुटलं, कारण माझ्याही बाबतीत हे झालंय. एका मालिकेत मी एक पोस्टमन लिहिला होता, तीन सीनसाठी आलेला आणि सव्वा वर्ष राहिलेला. मालिका संपल्यावर दुसऱ्याच कुणीतरी त्याचा वेगळा शो लिहिला आणि मला तो टीव्हीवर बघून कळला. कॉन्ट्रॅक्ट काढून वाचलं तर सगळं मी स्वतःच सही करून दिलेलं होतं.

तर तुम्हीही आधी कॉन्ट्रॅक्ट काढा. नोकरीत पगारावर लिहिलं असेल तर वेगळा करार नसताना पहिला मालक नोकरी देणारा. फ्रीलान्स असाल तर हक्क दिल्याचं लेखी असावंच लागतं, तोंडी चालत नाही. आणि ही गोष्ट बऱ्याच लेखकांना माहीत नसते, हक्क किती काळासाठी दिले ते कागदावर लिहिलेलं नसेल तर कायद्याने ते पाच वर्षांपुरते धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलेलं नसेल तर भारतापुरते. तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बहुतेक 'कायमस्वरूपी, जगभर' असेलच, पण बघा. सही करण्याआधी काही बदलून घेता येतं, नंतर नाही.

आधार म्हणून एक केस सांगते. केरळात 'बोबन आणि मोली' ही जुळ्या भावंडांची व्यंगचित्रं टॉम्स काढायचे, मलयाळ मनोरमामध्ये. नोकरी सोडल्यावर पात्रं कुणाची यावर वाद झाला आणि १९८८ मध्ये केरळ हायकोर्टाने टॉम्सना ती पुढे काढत राहू दिली, कारण ती पात्रं त्यांनी नोकरीला लागण्याआधीच निर्माण केली होती. म्हणजे तुमची मावशी मालिकेच्या आधीच्या एखाद्या कथेत, एकांकिकेत, जुन्या वहीत कुठे असेल तर तो कागद शोधा, त्याचं वजन मोठं आहे. आणि पात्राला काही संरक्षण असतं का म्हणाल तर, २०१६ मध्ये चुलबुल पांडेच्या निमित्ताने मुंबई हायकोर्टाने पात्राचं वेगळेपण संरक्षण मिळण्याजोगं असू शकतं असं म्हटलं होतं, जरी निर्मात्यांना तेव्हा मनाई हुकूम मिळाला नाही. ही तलवार दोन्हीकडून चालते, ज्याच्याकडे हक्क आहेत त्याच्या बाजूने.

कागद नसेल तर प्रोड्युसरला सरळ जाऊन विचारा. बंद पडलेल्या मालिकेतल्या साइड कॅरेक्टरचे हक्क कधीकधी थोडक्यात मिळूनही जातात, फक्त लेखी घ्या आणि फाइलला लावा.

बडोदा : मी निवृत्त शिक्षिका. वडिलांनी आम्हाला चिमणराव वाचून दाखवले. आजच्या काळातल्या चिमणराव-गुंड्याभाऊंवर सहा भागांची सिरीज लिहावी असं फार मनात आहे. परवानगी कुणाकडे मागू? नातू म्हणतो कॉपीराइटमध्ये अडकशील.

बडोद्याहून हे पत्र आलं याचा केवढा आनंद झाला, चिमणरावांचे लेखक चि. वि. जोशी तिथेच पाली शिकवायचे. आणि बातमी चांगली आहे. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत छापलेल्या साहित्याचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. चि. वि. १९६३ साली गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०२३ ला तो संपला. १ जानेवारी २०२४ पासून ती पुस्तकं भारतात सगळ्यांची आहेत. परवानगी मागायची गरज नाही, तुम्ही लिहू शकता. मूळ लेखकाचं नाव मात्र ठळक द्या, तेवढं देणं आपण लागतो.

अशी मोकळीक सगळ्या पात्रांना नाही. तळीराम घ्यायचा असेल तर गडकरी १९१९ लाच गेले, तो कधीचा मोकळा आहे. पण फास्टर फेणे नाही, भा. रा. भागवत २००१ ला गेले म्हणजे २०६१ च्या अखेरपर्यंत थांबा किंवा हक्क घ्या. ब्योमकेश बक्षी २०३० च्या अखेरीला मोकळा होईल.

तुमच्यासाठी तीन ठिकाणी जपून. पहिलं, दूरदर्शनची मालिका. आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर चिमणराव म्हटलं की दिलीप प्रभावळकर येतात आणि गुंड्याभाऊ म्हटलं की बाळ कर्वे, पण मालिकेत जे नव्याने घातलं गेलं, संवाद, प्रसंग, संगीत, ते पुस्तकांबरोबर मोकळं झालेलं नाही. म्हणून लिहिताना मालिका आठवू नका, पुस्तकं समोर ठेवा. दुसरं, मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलं गेलेलं काही असेल तर त्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे प्रत्येक कथा ज्या पुस्तकातून घेताय त्याच्या पहिल्या आवृत्तीचं साल बघून ठेवा. तिसरं, प्लॅटफॉर्मला जगभर दाखवायचं असतं आणि अमेरिकेत त्या काळातल्या पुस्तकांना बहुतेक करून प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजतात, तेव्हा करार करताना वकिलाला हे आधीच सांगा.

बाकी लिहिण्याबद्दल, तुम्ही पत्रात विचारलंय की चिमणरावांना मोबाइल द्यायचा का. द्या ना. चिमणराव भित्रे, सरळ, स्वतःच्याच हुशारीने अडचणीत येणारे, आणि गुंड्याभाऊ ब्रह्मचारी, अंगाने दणकट, मदतीला आले की काम वाढवणारे. हे दोन स्वभाव शाबूत राहिले तर त्यांना सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिन केलंत तरी ते चिमणरावच राहतील. काऊला, चिमणरावांच्या बायकोला, मात्र या वेळी जास्त बोलू द्या. तुम्ही इतकी वर्षं वर्गात काढलीत, घरातल्या बाईला काय काय दिसत असतं ते तुमच्याइतकं कोण लिहिणार.

पहिला सीन झाला की पाठवा, हाताने लिहिलेला असला तरी चालेल. मला वाचायचाय.